सशाला आधी सावली, मग पिंजरा

शेतीच्या जोडधंद्यांविषयी जी चर्चा हल्ली गावोगाव चालते, तीत शेळी, कोंबडी व मधमाशी यांच्या पंक्तीस सशाचेही नाव घेतले जाऊ लागले आहे. जनावर लहान, जागा थोडी, वेत लवकर आणि पिले पुष्कळ, असे त्याचे गुण सांगण्यात येतात. ते खोटे नाहीत. मादी सुमारे ३१ दिवसांत विते आणि एका वेतास सहा-आठ पिले देते, हे ऐकून हिशेबी माणसाच्या डोळ्यांपुढे आकडे नाचू लागावेत हे साहजिकच आहे. परंतु हे आकडे मांडणारा इसम आपल्या दारी बहुधा दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत येतो. त्याच्या हिशेबात चैत्र व वैशाख हे दोन महिने धरलेलेच नसतात. आणि सशाच्या धंद्याचा खरा जमाखर्च ठरतो तो याच दोन महिन्यांत.

प्रस्तुत लेखाचा हेतू ससेपालनाची निंदा करण्याचा नाही व त्याची भलावण करण्याचाही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याने सशासाठी उन्हापासून बचाव करणारे घर आधी उभे केले नाही, त्याने ससा विकत आणू नये, आणि कोणी त्यास तो विकूही नये. घर आधी, जनावर मागाहून. हा क्रम उलटा झाला म्हणजे भांडवल बुडते, आणि एका निरुपद्रवी मुक्या जीवाचे हाल होतात ते वेगळेच.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. 'ससा तर आपल्या रानातलाच प्राणी. मोलगीच्या डोंगरात तो वैशाखातही उड्या मारताना दिसतो, मग पिंजऱ्यातल्या सशास ऊन कसे बाधेल?' असा प्रश्न पुष्कळ जण करतात. परंतु आपला रानससा व पिंजऱ्यातला पाळीव ससा हे दोन निराळे प्राणी आहेत. रानससा उघड्यावर, झुडपाच्या बुडाशी उथळ खळगी करून राहतो. त्याची पिले अंगावर केस घेऊन व डोळे उघडे ठेवूनच जन्मास येतात. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील असून तो जमिनीत बिळे करून राहणाऱ्या जातीचा आहे. त्याची पिले उघडीवाघडी व आंधळी जन्मतात. त्यांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. अशा असहाय पिलांस वाढविण्यासाठी निसर्गाने त्या जातीस बीळ दिले आहे. या दोहोंचा संकर होत नाही, आणि रानससा धरून आणून पाळणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. सबब रानसशाच्या काटकपणावरून पाळीव सशाचा अंदाज बांधणे म्हणजे नीलगाईकडे पाहून घरच्या गाईस रानात सोडून देण्यासारखे होय.

दुसरे काही वाचलेले लोक ऑस्ट्रेलियाचा दाखला देतात. १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतात एका इंग्रज जमीनदाराने शिकारीच्या हौसेने सुमारे दोन डझन ससे सोडले, आणि पुढे पन्नास-साठ वर्षांत त्या खंडाच्या मोठ्या भागात, ओसाड व रखरखीत मुलुखातसुद्धा ते इतके पसरले की शेतकरी हवालदिल झाले. ही हकीकत खरी आहे. मग तिकडच्या उन्हात ससा मेला नाही तो का? कारण त्याच्यापाशी बीळ होते. दिवसा तो जमिनीच्या पोटात गारव्याला पडून राही आणि सायंकाळनंतर चरावयास बाहेर निघे. आपण त्यास पिंजऱ्यात कोंडतो, म्हणजे त्याचे बीळ हिरावून घेतो आणि त्याच्या डोक्यावर पत्रा देतो. ज्याने बीळ हिरावून घेतले त्यानेच त्याच्या बदली दुसरा गारवा द्यावयाचा, हा साधा न्याय आहे. ऑस्ट्रेलियाचा दाखला ससेपालनास अनुकूल म्हणून पुढे करण्यात येतो. वास्तविक तो आमच्याच म्हणण्यास बळकटी आणतो.

ससा उन्हाने इतका का पोळतो, हे समजून घेतल्यावाचून उपाय नीट कळणार नाहीत. माणसास घाम येतो व घाम वाळताना अंग थंड होते. सशास अशा घामाचा उपयोग नाही. त्याच्या अंगावर दाट लोकर असते. कुत्र्याप्रमाणे जीभ बाहेर काढून धापा टाकूनही त्यास फारसा आराम मिळत नाही. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे त्याचे कान. कानांतील शिरा रुंदावून त्यांतून गरम रक्त वाहते आणि हवेस लागून निवते. परंतु हवा अंगाहून थंड असेल तोवरच ही युक्ती चालते. सशाच्या अंगाची नेहमीची उष्णता ३८.५ ते ३९.५ अंश सेंटिग्रेड असते. त्यास सोसणारी हवा १५ ते २५ अंशांची. ३० अंशांपुढे त्यास त्रास होऊ लागतो, तो खाणे कमी करतो व वाढ मंदावते. ३५ अंशांपुढे अंगातील उष्णता त्याच्या आवाक्यात राहत नाही. आणि आपल्या नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या सपाटीवर तर वैशाखात पारा ४० च्या वर जातो. त्या वेळी हवाच सशाच्या अंगाहून गरम असते; मग कानांतून उष्णता बाहेर कशी पडावी? उलट ती आतच शिरते. अशा हवेत पत्र्याखाली कोंडलेला ससा दोन-तीन तासांत हातचा जातो, यात नवल ते काय?

त्यातही आधी जातात त्या गाभण माद्या, अंगाने भरलेले विक्रीयोग्य ससे व वेताच्या पेटीतील पिले. म्हणजे धंद्यातील सर्वांत मोलाचा माल प्रथम जातो. जे वाचतात त्यांचेही नुकसान दिसून येत नाही इतकेच. उन्हाने नराचे बीज बिघडते, आणि नवे बीज तयार होण्यास सहा-सात आठवडे लागतात. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हाचा फटका जुलैत कळतो. मादी नराजवळ दिली तरी ती फळत नाही, आणि मालक म्हणतो, 'मादी वांझ निघाली.' दोष मादीचा नसतो. तो दोन महिन्यांपूर्वीच्या पत्र्याचा असतो.

आमच्या पाहण्यात डोंगराखालच्या एका गावी अशी एक शेड आली. जोड्या पुरविणाऱ्या मंडळीने पैसे भरून घेतले, लोखंडी पिंजरे दिले, 'पिले आम्हीच परत विकत घेऊ' असा करारही लिहून दिला. शेड उभारली ती उघड्या माळावर. वर एकेरी पत्रा, पिंजऱ्यांची वरची रांग पत्र्यापासून हातभर अंतरावर, आणि पश्चिमेची बाजू सताड उघडी. माघात पाहणारा तिची टापटीप पाहून खूश व्हावा. वैशाखात दुपारी त्या पत्र्यास खालूनसुद्धा हात लावता येईना. वरच्या रांगेतले ससे आधी गेले, मग मधल्या रांगेतले. करारातील एकाही कलमात सावलीचा उल्लेख नव्हता. महसूल खात्याच्या कारकुनीत आम्ही हयातभर पंचनामे लिहिले आहेत. त्यावरून इतके निश्चित सांगतो की, पंचनामा झालेले नुकसान मोजतो, ते टाळीत नाही. सशाचा पंचनामा करावयाचा तर तो जनावर आणण्यापूर्वी त्याच्या घराचा करावा.

आता मोलगीकडील बंधू म्हणतील की, हे सपाटीचे गाऱ्हाणे झाले. आम्ही देवगोईचा घाट चढून वर राहणारे, आमची हवा निराळी. यात तथ्य आहे. सातपुड्याच्या या पठारावर रात्री खालच्यापेक्षा गार असतात. डाबच्या बाजूस थंडीच्या दिवसांत स्ट्रॉबेरी पिकवून दाखविणारे शेतकरी आहेत, आणि तोरणमाळ तर थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्धच आहे. तथापि रात्रीचा गारवा आणि दुपारचे ऊन ही दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत. डोंगरमाथा उघडा पडला, झाड तुटले, खडक तापला, म्हणजे दुपारी वरही अंगाची लाहीच होते. फरक इतकाच की, येथे रात्रीचा गारवा साठवून दिवसा वापरण्याची सोय आहे. सपाटीवर ती कमी. ही सोय साधणे म्हणजेच घर नीट बांधणे.

आणि घर नीट कसे बांधावे हे शिकण्यास मोलगीकरांनी दूर जाण्याचे कारण नाही. भिल्ल व पावरा बांधवांची जुन्या पद्धतीची घरे पाहावीत. बांबूचा कूड, त्यावर शेणामातीचा जाड लेप, वर कौले किंवा गवताची शाकारणी, खाली उतरत आलेली वळचण, आणि आत अंधुक गारवा. जाड माती दिवसाचे ऊन आत पोचावयास वेळ लावते आणि तोवर सायंकाळ होते. गवताचे छप्पर ऊन पिते, पण खाली ओकत नाही. ही घरे गरिबीची खूण आहेत असे समजून तेथे पत्रा चढविण्याची जी अहमहमिका लागली आहे, ती निदान सशाच्या बाबतीत तरी घातक आहे. पाऊस अडविण्यात पत्रा चांगला. ऊन अडविण्यात तो शून्य.

सशाच्या घराविषयी आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत.

जागा झाडाखालची निवडावी. मोह, आंबा किंवा चिंच यांची दाट सावली कोणत्याही पंख्याहून भरवशाची असते; तिला वीज लागत नाही. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळचे व मावळतीचे तिरपे ऊन आखूड बाजूंवरच पडते. पश्चिमेची भिंत कुडाची व सारवलेली, पुरती बंद असावी. उत्तर व दक्षिण या बाजू कमरेइतक्या भिंतीवर जाळी लावून मोकळ्या ठेवाव्यात. जाळी बारीक असावी, कारण मांजर, मुंगूस व साप यांचे भय आहेच. वळचण निदान तीन फूट पुढे यावी. आढ्याशी गरम हवा निघून जाण्यास फट ठेवावी. गरम हवा वर चढते, तिला वाट मिळाली नाही तर ती पिंजऱ्यावरच साचते.

ज्यांनी पत्रा घातलाच आहे त्यांनी तो काढून टाकावा असा आमचा आग्रह नाही. त्यावर एक वीत जाडीची गवताची, उसाच्या पाचटाची किंवा तुराट्यांची शाकारणी करावी व ती वाऱ्याने उडू नये म्हणून बांबूच्या कामट्यांनी आवळावी. निदान पत्र्यास वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा रंग ऊन परतवतो. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे दुसरे छत टांगावे व दोहोंमध्ये हवा खेळण्यास जागा ठेवावी. वाळलेल्या गवतास आगीचे भय असते, म्हणून चूल व विडी-काडी त्या घरापासून दूर ठेवावी, हे सांगणे नलगे. पिंजऱ्यांची रांग एकच ठेवावी. एकावर एक तीन रांगा रचल्याने जागा वाचते, पण वरची रांग भट्टीत जाते.

बिळाची भरपाई म्हणून आणखी एक स्वस्त उपाय आहे. जुना किंवा काठ फुटलेला रांजण आडवा करून निम्मा जमिनीत पुरावा, काठाची धार घासून बोथट करावी, त्याचे तोंड सशाच्या आवारात उघडे ठेवावे आणि वर मातीचा ढीग करून तो ओलसर राखावा. ससा दुपारी आपण होऊन आत जाऊन पडतो. ती त्याची उपजत खोड आहे. उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशियाच्या दक्षिणेकडील मरूद्यानांत जमिनीत खड्डे करून त्यांत ससे पाळण्याची रीत आहे, तत्त्व हेच. मात्र आपल्या डोंगरात पाऊस झोडपून पडतो, म्हणून रांजण उंचवट्यावर पुरावा आणि मृगापूर्वी काढून घ्यावा, नाही तर उन्हातून वाचलेला ससा पाण्यात मरेल. रांजण नसेल तर पिंजऱ्यात एक फरशी ठेवून ती दुपारी ओली करावी. ससा तिच्यावर पोट टेकून पसरतो. ज्यांच्या घरी शीतपेटी आहे ते पाण्याच्या बाटल्या गोठवून पिंजऱ्यात ठेवू शकतात.

ओल्या गोणपाटाविषयी थोडा खुलासा केला पाहिजे, कारण या उपायाचा अनेकदा अपायच होतो. गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा ओला करून वाऱ्याच्या बाजूस टांगला, तर पाणी वाळताना हवा थंड होते. पण हवा कोरडी असेल तरच. चैत्र-वैशाखातील आपली हवा कोरडी असते, तेव्हा हा उपाय उत्तम. ज्येष्ठात ढग येऊन हवा दमट झाली, म्हणजे तेच गोणपाट गारवा देत नाही. उलट घरात ओल व कोंदटपणा वाढवते. दमट उष्मा सशास कोरड्या उन्हाहून अधिक मारक आहे. तेव्हा ढग दिसू लागताच पाणी मारणे थांबवावे व वारा खेळता ठेवावा. लेंड्या व मूत्र रोजच्या रोज काढावे. ती साचल्याने जी उग्र वाफ सुटते, तिने धापा टाकणाऱ्या सशाची छाती आणखी बिघडते.

यात एक प्रश्न असा आहे की, जो जोडधंद्याच्या पुस्तिकांत कधी विचारला जात नाही. हे पाणी आणणार कोण? मोठ्या सशास एरवी दिवसाला पाव लिटरच्या वर पाणी लागते. उन्हाळ्यात ते दुप्पट होते, आणि पिले पाजणारी मादी एक लिटरही कमी मानते. दहा माद्या, दोन नर व चाळीस वाढती पिले धरली, तर पिण्यासाठी पंधरा-वीस लिटर आणि धुणे, शिंपणे, गोणपाट भिजविणे यांस तीस लिटर, असे आमच्या अदमासे रोजचे तीन हंडे पाणी होते. मोलगीच्या आसपासच्या पाड्यांवर वैशाखात पाण्यासाठी दरीत उतरावे लागते, आणि हंडा उतरतो व चढतो तो घरच्या बाईच्या डोक्यावरून. नफा पुरुषाच्या वहीत आणि हंडे बाईच्या डोक्यावर, असा हा धंदा असेल, तर तो करण्यापूर्वी त्या बाईस विचारले पाहिजे. ज्या घरी उन्हाळ्यात तीन हंडे अधिक पाणी सहज येऊ शकत नाही, त्या घराने बारमाही ससेपालनाच्या फंदात पडू नये, असे आम्ही निक्षून सांगतो.

यावर तोड एकच: उन्हाळ्यापूर्वी कळप कमी करावा. आमच्या मते आपल्या भागात सशाच्या धंद्याचे वर्ष आषाढापासून माघापर्यंतचे मानावे. माघ सरल्यावर मादी नराजवळ देऊ नये. तेव्हा दिलेली मादी वैशाखाच्या तोंडी पिले पाजीत असते. काठीची होळी पेटण्यापूर्वी विकावयाचा सर्व माल विकून मोकळे व्हावे. होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार हा त्या हिशेबाचा शेवटचा दिवस धरावा. मागे राहाव्यात त्या केवळ निवडक माद्या व दोन-तीन नर; एका पिंजऱ्यात एकच जनावर. त्यांतही घरातील सर्वांत थंड कोपरा नरास द्यावा, कारण एका नराचे बीज बिघडले तर पावसाळ्यातील सर्वच माद्यांची वेते हुकतात. चुकून उन्हाळ्यात मादी व्यालीच, तर पेटीतील लोकर थोडी काढून घ्यावी, पेटीस जाळीचे झाकण ठेवावे आणि तिच्यावर ऊन येऊ देऊ नये. थंडीत जी ऊब पिलांस तारते, तीच वैशाखात त्यांस गुदमरविते.

खाण्याची वेळही बदलली पाहिजे. अन्न पचताना अंगात उष्णता निर्माण होते. म्हणून भर दुपारी खाद्य घालू नये. पहाटे उजाडण्यापूर्वी व सूर्यास्तानंतर, असे दोनदा घालावे; रात्रीचे खाद्य अधिक असावे. ससा मुळात सांजेचा व पहाटेचा प्राणी असल्यामुळे त्यास हे मानवते. लसूणघास, शेवरी, दशरथ घास यांसारखा ओला पाला द्यावा, पण तो सावलीत सुकवून, ढिगात गरम झालेला नसावा. सुबाबळाचा पाला थोडाच घालावा, त्यात बाधक द्रव्य असते. पाणी मातीच्या जड भांड्यात ठेवून दिवसातून तीनदा बदलावे. उन्हात तापलेले पाणी तहानलेला ससाही टाकतो.

इतकेही करून एखाद्या दुपारी जनावरास ऊन लागलेच, तर खुणा ओळखता आल्या पाहिजेत. ससा अंग लांब ताणून पडतो, कान तांबडे व गरम होतात, श्वास फार जलद चालतो, नाक व हनुवटी ओली होते. ससा एरवी नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून, मान मागे टाकून श्वास घेऊ लागला म्हणजे वेळ थोडा उरला असे समजावे. त्यास तत्काळ सावलीत व वाऱ्यावर घ्यावे, साध्या थंड पाण्यात भिजविलेले फडके कानांवर व पायांवर ठेवावे, पाणी पुढे ठेवावे. पण बळेच तोंडात ओतू नये, ते फुप्फुसात जाते. बर्फाच्या किंवा विहिरीच्या गार पाण्यात जनावर बुडविण्याची जी चाल काही ठिकाणी आहे, ती सर्वस्वी चुकीची आहे. त्या धक्क्याने ससा जागीच मरतो. जनावर थोडे सावरले की पशुवैद्यास दाखवावे.

वाहतुकीविषयीही हेच. खालच्या बाजारातून पिंजरे भरलेली गाडी दुपारी घाट चढू लागली, तर वर पोचेपर्यंत त्यांतले किती ससे जगतील हे सांगता येणार नाही. फाल्गुनापासून मृगापर्यंत सशांची ने-आण रात्रीच करावी, पिंजऱ्यात दाटी करू नये व वाटेत गाडी उन्हात उभी करू नये. विकणाऱ्याने दुपारी गाडी आणून दिली तर ती माघारी पाठवावी. जनावरांचे पैसे गाडी उतरून एक रात्र गेल्यावर द्यावेत.

काही मंडळी म्हणतात की, सरकारी संशोधन संस्था ससे पाळण्यास सांगतात, मग तुम्हीच का भिती घालता? यास उत्तर त्या संस्थांच्या जागांतच आहे. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने सशांवर पुष्कळ काम केले आहे. तिचे लोकरीच्या अंगोरा सशांचे केंद्र हिमाचल प्रदेशात कुलूजवळ गारसा येथे आहे, आणि मांसाच्या व्हाइट जायंट व सोव्हिएत चिंचिला या जाती तिने तमिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूर येथे सांभाळल्या आहेत. म्हणजे जाणत्यांनी सशासाठी थंड डोंगर निवडले. त्यांच्या जाती आणावयाच्या, पण त्यांनी निवडलेली हवा विसरावयाची, हा कोणता शहाणपणा? लोकरीच्या अंगोराचा मोह तर आपल्या भागात कोणी धरूच नये.

शेळीशी तुलना करून पाहिली म्हणजे आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. शेळी उन्हातही झुडपे ओरबाडून पोट भरते, दिवसभर चालते, आणि एखादे दिवशी मालकाचे दुर्लक्ष झाले तरी तग धरते. ससा तशा एका दिवसाचीही क्षमा करीत नाही. वैशाखातील एकच दुपार मालक लग्नास गेला, गोणपाट वाळले, भांडे कलंडले, की वर्षाची कमाई गेली. विजेच्या पंख्यावर भिस्त ठेवणाऱ्याचीही तीच गत. वीज जाते ती नेमकी दुपारी जाते. म्हणून ज्याच्या घरी दुपारी घरीच राहणारे व जनावरावर जीव असणारे एक माणूस आहे, त्यानेच हा धंदा करावा. इतरांस शेळी बरी.

शेवटी आपल्या संघास दोन शब्द. संघाने ससेपालनाची शिफारस कोणास करावयाची असेल, तर अर्जासोबत जागेची पाहणी सक्तीची करावी, आणि ती पाहणी एप्रिलात दुपारी दोन वाजता, पत्र्याखाली उष्णतामापक टांगून करावी. पारा बाहेरच्या सावलीपेक्षा वर चढत असेल, तर अर्ज नामंजूर करावा. कर्ज द्यावयाचे तर पहिला हप्ता घराच्या छपरासाठी व कुडासाठी द्यावा. त्या घराने एक उन्हाळा पाहिल्यावर दुसरा हप्ता जनावरांसाठी द्यावा. एक वर्षाचा उशीर होईल, होऊ द्यावा. ज्या धंद्यास एक उन्हाळा थांबण्याचे धैर्य नाही, तो धंदा उन्हाळ्यात टिकत नाही. जोड्या विकणाऱ्या कोणत्याही मंडळीच्या करारावर सभासदाने सही करण्यापूर्वी तो संघाने वाचावा, आणि उष्म्याने दगावलेल्या जनावरांची भरपाई कोणी करावयाची हे त्यात शब्दांनी लिहून घ्यावे. लिहून देण्यास जो कचरतो, त्याला आपल्या मालाचे काय होणार हे ठाऊक असते.

फाल्गुन जवळ आला आहे. ज्यांच्या घरी ससे आहेत त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी छपराकडे पाहावे. गवत अजून मिळते, तुराट्या शेतात पडून आहेत, आणि शाकारणीस दोन माणसांचे दोन दिवस पुरतात. ज्यांच्या घरी अद्याप ससे नाहीत, त्यांनी यंदाचा उन्हाळा घराच्या परीक्षेस द्यावा आणि जनावरांचा विचार आषाढात करावा.